डागमावशीचं सॉरी

माझी मावशी लाँड्रीत डाग काढते. गल्लीत तिला सगळे डागमावशीच म्हणतात आणि ती खुशाल ओ देते. कपडा उजेडाला धरायचा, एक डोळा मिटायचा, डागाला नाक लावायचं आणि निकाल द्यायचा, "चहा. आणि कालचा नाही, शिळा आहे." मग ब्रश, चमच्याची पाठ, वासाच्या बाटल्या. शाई असो, गंज असो, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

काउंटरही तीच सांभाळते. मालकांचा नियम असा, की गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की आधी सॉरी म्हणायचं, मग ऐकायचं. त्यामुळे मावशीचं सॉरी दारावरच्या घंटीसारखं वाजतं. "सॉऽऽरी हं!" सुरुवात खालून, मधे एक झोका, आणि 'हं'वर टुणकन उडी. इस्त्री चुकली, सॉऽऽरी हं. लाइट गेले, सॉऽऽरी हं. एकदा गिऱ्हाईक नुसतं शिंकलं, तरी सॉऽऽरी हं. मी घरी नक्कल करते तेव्हा आई हसून हसून भिंतीला टेकते. मावशी म्हणते, "कार्टे, माझं हं एवढं लांब नाहीये हंऽऽ."

तर त्या लाँड्रीत एकदा रंगारीकाका आले. हे घरं रंगवतात, आणि बोलतातही तसेच. एक शब्द लावायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. त्यांनी एक जुना पांढरा सदरा पुढे केला. "बगलेत उसवलाय. तेवढं शिवून द्या." आणि गेले.

मावशीनं सदरा उलटला. पाठीवर निळ्या ऑइलपेंटचे दोन डाग, जुने, कडक झालेले. तिचे डोळेच चमकले. बिचाऱ्यानं आशा सोडलेली दिसते, असं तिनं ठरवून टाकलं. जेवणाच्या सुट्टीतही ती त्या सदऱ्यावर वाकलेली असायची. शेवटी पाठ अशी पांढरी झाली, की मालकसुद्धा म्हणाले, "वा!"

काका सदरा न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. मावशीनं पाठ वर करून सदरा काउंटरवर पसरला, मुंडावळ्या बांधायच्याच बाकी होत्या. काकांनी त्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"हात कुठे गेले?"

"कोणाचे?"

"पोरीचे. लहान होती. डब्यात हात बुडवले... आणि माझ्या पाठीवर चढली." थोडं वाळू दिलं. "आता नोकरीला लांब चाललीय. तिच्या बॅगेत द्यायचा होता."

आणि मावशी म्हणाली, "सॉऽऽरी हं!"

पूर्ण सुरात. झोका, उडी, सगळं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. काकांनी सदऱ्याची घडी केली आणि ते निघून गेले. मावशी मानेपासून कानापर्यंत लाल झाली. हा रंग काही तिच्या बाटल्यांनी निघणारा नव्हता.

घरी ती ताटासमोर बसून राहिली. "पण तुला बोटं दिसली नाहीत?" मी विचारलं.

"मी डागाचा आकार कधी बघते गं? जात बघते. आणि वर त्यांच्यासमोर घंटी वाजवून आले."

तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी आमच्या इंग्रजीच्या सरांची नक्कल केली. नाकातून बोलायचं आणि खडू झाडायचा. "सॉरी हा शब्द फाऽर जुना. मूळ अर्थ, दुखावलेला, व्यथित. जखमेला जो 'सोअर' म्हणतात, तो ह्याचा सख्खा भाऊ! 'सॉरो' नुसता मानलेला, चेहरा जुळतो म्हणून गोतात शिरला. आणि आता इंग्रज लोक धक्का लागला, ऐकू आलं नाही, पुढे सरकायचं असलं, तरी तोच शब्द टाकतात!"

आई हसली. मावशी नाही.

"म्हणजे दुखणं, सॉरी म्हणणाऱ्याचं?"

"मुळात तसंच."

"मग मी आजवर काय म्हणत होते?" असं म्हणून तिनं ताट सारलं. "उद्या जाते त्यांच्याकडे."

"नवीन सदरा घेऊन जा," आई म्हणाली.

"ताई, त्यात पोरीचे हात आहेत का?"

सकाळी तिनं मला सोबत नेलं. काकांच्या दारात शिडी, रंगाचे डबे, मधोमध उघडी बॅग. मुलीनंच दार उघडलं. काकांना बघून मावशीचे ओठ 'सॉ'साठी गोल झाले आणि मिटले.

"तुम्ही शिवायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट, एकही झोका नाही. "मला करामत दाखवायची होती. विचारलं नाही. आणि तोंडावर काउंटरचं बोलले. रात्रभर लाज वाटतेय."

"बाबा, पुन्हा उमटवू की," मुलगी म्हणाली.

काकांनी तिचा पंजा हातात घेऊन पाहिला. "हा मोठा झाला." मग मावशीकडे वळून, "दुखलं खरं." आणि बऱ्याच वेळानं, "शिवण मात्र चांगली घातलीत."

हे ऐकून मावशीची मान आणखीच खाली गेली. मुलीनं सदरा बॅगेत ठेवला, तसाच, कोऱ्या पाठीचा.

आता लाँड्रीत मावशी कपडा हातात घेतला की आधी विचारते, "ह्यातलं काय ठेवायचंय?"

"अहो, चहा सांडलाय! ठेवायचं काय त्यात?" परवा एक गिऱ्हाईक खेकसलं.

मावशी हळूच म्हणाली, "सॉरी." ते सॉरी मी घरी करून बघितलं. आई हसली नाही, आणि मलाही जमलं नाही.