टाचा टेकवून जमवलेली सोयरीक

माझ्या मुलीचं लग्न माझ्या टाचांमुळं मोडायच्या बेतात होतं.

मृणालनं मुलगा स्वतःच शोधलेला. उचगावचा. मुलगा सोन्यासारखा, पण त्याचे वडील आण्णा म्हणजे जुने पैलवान! "पप्पा, तिथं काहीबाही बोलू नका," असं तिनं बजावलं होतं. पण पहिल्याच भेटीत आण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, "पावणं, व्यायाम-बियाम?" त्यांनी थाप मारली म्हणून मीही एक मारली. "रोज पहाटे बैठका! घराण्याची परंपराच आहे!" (परंपरा पहाटे घोरण्याची आहे.)

पुढच्या आठवड्यात फोन. "पावणं, रविवारी आमच्या तालमीत बैठक. तयारीनं या!"

मनात चोर असला की काय होतं बघा. मला वाटलं, आली परीक्षा! बायकोनं विचारलं, "बैठकीला मी पैठणी नेसू?" मी म्हटलं, "तू नुसती बघायला ये. जे काय करायचं ते मलाच करायचंय."

"मोठे आले करणारे," ती म्हणाली.

खोलीचं दार लोटून सराव सुरू केला. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये माझं निम्मं आयुष्य खुर्ची, सोफा आणि कमोड यांच्यावर गेलेलं. गुडघे वाकवले की टाचा वर, टाचा दाबल्या की मी मागं! गादी होती म्हणून ही आठवण लिहायला उरलो. तेवढ्यात मृणाल आत. ती जिमला जाते.

"पप्पा, काय करायलाय?"

"काय न्हाय. तब्येतीसाठी."

"असं न्हवं! पायात खांद्याएवढं अंतर. पंजे जरा बाहेर. छाती वर. आता मागं खुर्ची हाय असं समजून बसा. गुडघे आत न्हाय, पंजे जिकडं, गुडघे तिकडं!"

"टाचा उचलतात गं."

"घोटे आखडलेत. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. रोज! तोवर टाचांखाली कायतरी घ्या."

कायतरी म्हणजे मी पोळपाट घेतला.

"अहो, पोळपाट कुठाय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. उत्तर पोळपाटानंच दिलं. कडाड्!

"आता चपात्या काय तुमच्या पाठीवर लाटू?"

शेवटी शनिवारी दाराची मूठ धरून बसलो आणि टाचा टेकल्या! उठायचा सराव तेवढा राहिला. पण म्हटलं, खाली गेलेला माणूस वर येतोच की!

रविवारी तालमीच्या हॉलमध्ये सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी बसलेली. आण्णा तेवढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. ते म्हणाले, "या पावणं. करूया की बैठक सुरू?"

"करूया!" म्हणत मी थेट मधोमध गेलो. पाय फाकवले, छाती वर, दोन्ही हात पुढं, आणि हळूहळू खाली. टाचा टेकल्या! मी उठायला गेलो. उठेना. परत जोर लावला. छे!

उकिडवा बसून, दोन्ही हात पुढं पसरून, घामानं निथळणारा मुलीचा बाप बघून आण्णांचे थोरले भाऊ गहिवरले. "अवो पावणं, हात काय पसरायलायसा! आमास्नी हुंडा-बिंडा काय नको!"

"हुंडा?" मी खालूनच विचारलं.

"मग? लग्नाची बैठक हाय न्हवं ही?"

बायकोनं पैठणीचा पदर तोंडावर घेतला. मृणालनं कपाळावर हात मारला. आता पोरीचं लग्न आपल्या थापेनं मोडतंय, या भीतीनं मी सगळं ओकलो. "आण्णा, मी कसल्या बैठका मारतोय! मला वाटलं, तुम्ही मारून दाखवायला बोलावलंय."

आण्णा इतके हसले की खुर्ची कुरकुरली. "अवो, मलाच कुठं बसाय येतंय? गुडघं गेल्यात! म्हणून तर ही खुर्ची! आनी तुमच्या टाचा बघा की, झकास टेकल्यात! पोरगी पसंत, बाप बी पसंत!"

सुपारी मी त्याच अवस्थेत फोडली. मग तालमीतल्या दोन पैलवानांनी काखेत हात घालून, तिजोरी हलवावी तसं मला उचललं.

लग्न थाटात झालं. अजून पै-पावणं भेटले की विचारतात, "काय मग, बैठक कशी झाली?"

मी खरं तेच सांगतो. "बैठक झकास झाली. उठायचं तेवढं राहिलं!"