डावऱ्याचा लॅपटॉप

डावऱ्याच्या नाकाचं हाड तरुणपणीच मोडलं होतं. मोडलं तेव्हा रिंगच्या कोपऱ्यात उभं राहून त्यानं ते स्वतःच्या बोटांनी सरळ केलं, तोंडातलं रक्त गिळलं आणि उरलेली फेरी खेळला. सरळ केलं म्हणजे आपलं त्याच्या मते सरळ. बायको म्हणायची, "लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्याकडे बघताय आणि नाक शेजारच्या बाईकडे बघतंय." त्याचा डावा ठोसा जड होता. त्यावरून पडलेलं नाव असं चिकटलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

खेळणं सुटल्यावर तो बॉक्सिंग शिकवायला लागला. टायरच्या गोदामावरचा लांबट हॉल, मधोमध रिंग, छताला साखळ्यांनी टांगलेल्या बॅगा आणि खालून सतत येणारा रबराचा वास. मुलं यायची, मुली यायच्या. त्याचं शिकवणं गोडीगुलाबीचं नव्हतं. एखाद्याचा हात हनुवटीवरून खाली आला की तो सरळ गालावर चापट द्यायचा. "बघ, समोरचा काही सॉरी म्हणणार नाहीये." पोरं रडत घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायची.

लॅपटॉप त्यानं जुना घेतला होता, पोरांना त्यांच्याच मॅच हळू करून दाखवायला. हळू करण्याचा प्रोग्राम एका पालकानं कुठूनतरी फुकटात आणून त्यात टाकला होता. मॅच झाली की आईबाप पेनड्राइव्ह घेऊन रांगेत उभे. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, डावऱ्या मागे वळूनही बघत नसे. हळूहळू ते यंत्र रेंगाळायला लागलं. कुणी हात लावलेला नसताना त्याचा पंखा घुरघुरायचा, दिवा फडफडायचा. डावऱ्याला वाटलं, म्हातारं झालंय, धापा टाकतंय. बगलेत एक गुद्दा घातला की थोडा वेळ बरं चालायचं. पुढे गुद्द्यालाही दाद देईना, तेव्हा त्यानं ते बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना चार पोलीस जिना चढून आले. बॅगांचा आवाज एकेक करत थांबला. इन्स्पेक्टरनं प्लास्टिकच्या पिशवीतला लॅपटॉप वर धरला. "हा तुझा?"

"माझाच. झाला का नीट?"

"तुझा आहे ना? मग आतलं कुणाचं?"

आत लहान मुलांची चित्रं निघाली होती. कुणाही शहाण्या माणसानं बघू नयेत अशी, आणि ढिगानं. दुरुस्तीवाल्यानं एक उघडलं, ओकारी आली म्हणून दुकानाबाहेर जाऊन बसला आणि मग पोलिसांना फोन केला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. डावऱ्याला मात्र इन्स्पेक्टर काय म्हणतोय तेच कळेना. कळलं तेव्हा हॉलमधली सगळी पोरं आपल्याकडे बघताहेत, एवढंच त्याला दिसलं.

मार खाण्याची एक विद्या असते आणि ती डावऱ्याला येत होती. ठोसा यायच्या क्षणी श्वास सोडायचा, पोट आवळायचं, मान आखडायची. पण ही सगळी विद्या समोरून येणाऱ्या मुठीसाठी. कोठडीत त्याला पालथा पाडून तळपायांवर पट्टे मारले, त्याला काही उपाय नव्हता. एक शिपाई घोट्यांवर बसायचा, दुसरा मारायचा, आणि मधूनमधून इन्स्पेक्टर डोकावून विचारायचा, "कुणाला विकायचास?" डावऱ्या म्हणायचा, मला मॅच लावायच्या सोडून त्यातलं काही येत नाही. की पुन्हा पट्टा.

त्याहून वाईट पुढेच होतं. तो कशासाठी आत आलाय हे शिपायानं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं आणि त्याला इतर कैद्यांच्या कोठडीत ढकललं. आत दोघं चोर होते आणि एक सुरा मारून आलेला. सुरेवाल्याला स्वतःची दोन लेकरं होती. त्यानं डावऱ्याचे केस धरले आणि तोंड संडासाच्या पायरीवर आपटलं. थांबला, नीट पकड घेतली आणि पुन्हा आपटलं. समोरचे दात गेले. तळपाय सुजलेले असल्यानं डावऱ्याला उठताच येत नव्हतं. तुटलेले दात तोंडात घोळवत तो भिंतीला टेकून बसला. गंमत अशी की सुरेवाल्याचा त्याला राग येईना. आपण त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, असं त्याला वाटत होतं.

जामीन झाल्यावर बायको न्यायला आली. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, रक्त बघून बिचकणाऱ्यातली नव्हती. पण त्याचं तोंड बघून तिनं रिक्षात मान दुसरीकडे वळवली. घरी आल्यावर दार लावलं आणि म्हणाली, "एकदाच विचारते. परत कधी विचारणार नाही."

"नाही," तो म्हणाला. "मी नाही केलं."

तिनं मान डोलावली आणि पाणी तापवायला ठेवलं. शब्दाची पक्की, तिनं खरंच परत विचारलं नाही. पण त्याच संध्याकाळी अकरा वर्षांच्या लेकीची गादी उचलून तिनं आपल्या खोलीत नेली आणि त्याची बाहेरच्या खोलीत घातली. लेकीनं विचारलं, "बाबा बाहेर का?" "बाबांना बरं नाहीये," आई म्हणाली. डावऱ्या गादीवर बसून ऐकत होता. त्याला तळपायाचं, दातांचं काही वाटलं नव्हतं, पण आतून लागलेली कडी ऐकली आणि त्यानं उशी तोंडात कोंबली.

हॉल बंद झालाच होता. मालकानं निरोप पाठवला, सामान न्या. एका दुपारी डावऱ्या लंगडत जिना चढला. बॅगांच्या साखळ्या सोडवत असताना मागून पावलं वाजली. तिघं बाप होते. पुढे ट्रक ड्रायव्हर, हातात टायर काढायची लोखंडी टामी. त्याची थोरली मुलगी डावऱ्याची सगळ्यात चांगली शिष्या होती. जिंकली की डावऱ्या तिला खांद्यावर घेऊन रिंगभर नाचायचा, आणि हा ड्रायव्हर खाली उभा राहून शिट्ट्या मारायचा.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या पोरीचे पण काढलेस का रे फोटो?"

"दादा, ऐकून घ्या. त्या डब्यात काय होतं ते मला—"

टामी उजव्या दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज डावऱ्यानं आधी ऐकला, कळ मागून आली. दुसऱ्या दोघांनी त्याला मागून धरलं. ड्रायव्हरनं टामी टाकली आणि हातानं मारायला लागला, पोटात, बरगड्यांवर, फुटक्या तोंडावर. डावऱ्या हनुवटी छातीला लावून, श्वास सोडत खात राहिला. माणूस दमतो, हे त्याला ठाऊक होतं. ड्रायव्हर दमलाही. पण दमता दमता तो म्हणाला, "तुला पण मुलगी आहे ना? तिलाही सोडलं नसशील."

डावऱ्यानं मागच्याच्या पायावर टाच मारली, डावा हात सोडवून घेतला आणि मारला. एकच ठोसा, खालून वर, आयुष्यभर शिकवला होता तसा. ड्रायव्हरचा जबडा एका बाजूला सरकला आणि तो रिंगच्या लोखंडी खांबावर गालफडानं आदळून खाली आला. मागचे दोघं जिन्याकडे पळाले. इथं थांबला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. तो थांबला नाही. पडलेल्या माणसाच्या छातीवर गुडघा ठेवून तो मारत राहिला, डाव्या हातानं, डोळ्याच्या खोबणीवर, एकाच जागी. कोठडी, पट्टा, पायरी, दाराची कडी, सगळं त्या एका जागी घालत राहिला. अटक झाल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं, आणि ते त्यानं पुढे कधी नाकारलं नाही.

ड्रायव्हरची मुलगी बापामागून धावत आली होती. तिनं मागून डावऱ्याच्या गळ्याला मिठी घातली आणि सगळं वजन टाकून त्याला ओढलं. "सर, बास. सर, ते मरतील." तिच्या हातांवर बापाचं रक्त होतं. डावऱ्यानं ते पाहिलं, आणि मग स्वतःची मूठ पाहिली.

ड्रायव्हर जगला. एक डोळा गेला.

अशा दोन केस झाल्या, एक चित्रांची, एक मारहाणीची. जामीन दुसरीतही मिळाला. पहिलीत त्याच्या वकिलानं कोर्टाकडून कॉम्प्युटरची एक तपासणीवाली मागून घेतली. सडपातळ, चष्मेवाली बाई, बोलणं एकदम सपाट. तिनं मूळ डिस्कला हात न लावता तिची हुबेहूब नक्कल केली आणि ती एका बंद खोलीत चालवली. यंत्राला खोटं इंटरनेट दिलं. कीबोर्ड नाही, माउस नाही, खोलीत माणूस नाही. यंत्र सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्यानं आपण होऊन बाहेर एका पत्त्यावर हाक मारली. बाईनं त्या पत्त्याच्या नावानं ठेवलेल्या कोऱ्या फायली त्यानं उचलल्या आणि जिथं ती चित्रं सापडली होती, त्याच लपवलेल्या फोल्डरमध्ये नेऊन रचल्या.

"व्हायरस होता," बाई कोर्टात म्हणाली. "फुकटच्या व्हिडिओ प्रोग्रामला चिकटून आला. बाहेरच्या लोकांनी यांचा लॅपटॉप आपला माल ठेवायचं गोदाम केला होता. यांना पत्ताही नव्हता."

सरकारी वकील उठला. "पण चित्रं उघडून पाहिल्याच्या नोंदी आहेत."

"आहेत. पाच उघडली गेली. एक दुरुस्तीच्या दुकानात. बाकीची लॅपटॉप जप्त झाल्यानंतर. तेव्हा हे यंत्र पोलीस ठाण्यात होतं."

कोर्टात कुणीतरी खोकलं. इन्स्पेक्टर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

"हा व्हायरस आरोपीनं स्वतःच बहाणा म्हणून टाकला नसेल कशावरून?"

बाईनं चष्मा काढून पुसला. "मी ते शोधलं, तसं काही मिळालं नाही. त्यापुढे मी शपथेवर जाणार नाही. कॉम्प्युटर काय झालं ते सांगतो. खुर्चीत कोण बसलं होतं ते तो सांगत नाही. ते तुम्हाला दुसरीकडून सिद्ध करावं लागतं, आणि तुम्ही ते शोधलंच नाहीत. बऱ्याच फायली आल्या त्या दिवशी हे गृहस्थ स्पर्धेत पंच होते. स्टेडियमभर माणसांनी यांना पाहिलंय."

डावऱ्या सुटला. न्यायाधीशांनी निर्दोष म्हटलं तेव्हा बायकोनं त्याचा डावा हात हातात घेतला, आणि तो तिच्या हातात तसाच पडून राहिला. घरी गेल्यावर तिनं गाद्या पूर्वीसारख्या घातल्या.  त्याविषयी ती बोलली ते बऱ्याच दिवसांनी, कपडे वाळत घालताना. "माझा विश्वास होता. पण पोरगी एकच आहे."

"बरोबर केलंस," तो म्हणाला. खरंच तसं वाटत होतं का, हे त्याचं त्यालाच नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या केसमध्ये ना डिस्क होती, ना कॅमेरा. पळालेल्या दोघांनी आम्ही तिथं नव्हतोच म्हणून सांगितलं. वकील म्हणाला, "टामी त्यानं आणली, तुमचा हात त्यानं मोडला. तुम्ही जीव वाचवायला एक ठोसा मारला, तो खांबावर पडला. एवढंच बोला, सुटाल." मग सरकारी वकिलानं ड्रायव्हरच्या मुलीला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावलं. एका बाकावर एकडोळ्या बाप, समोर सर. ती दोघांकडेही न बघता बोलली. टामी बाबांनी मारली. सरांना दोघांनी धरलं होतं. बाबा सरांच्या मुलीविषयी घाण बोलले. मग सरांनी मारलं आणि बाबा पडले.

"आणि मग?"

तिचा आवाज फुटला. "मग पण मारत होते. बाबा हलत नव्हते तरी."

डावऱ्याचा वकील उलटतपासणीला उभा राहत होता. डावऱ्यानं त्याचा कोट धरून खाली बसवलं. "तिला काही विचारू नका," तो म्हणाला. "ती खरं बोलतेय."

दोन वर्षांची शिक्षा झाली. ती त्यानं भोगली. सुरुवातीचे महिने कठीण गेले, कारण तुरुंगात पहिल्या केसची बातमी पोचली होती आणि निकाल पोचला नव्हता. न्हाणीघरात दोघांनी त्याला साबणाच्या पाण्यात बुडवून धरलं. तिसऱ्या कुणीतरी ओढून काढलं म्हणून वाचला.

बाहेर आल्यावर हॉल नाही, शिष्य नाहीत. लोकांचा फोन अजूनही अटकेचीच बातमी आधी दाखवायचा. सुटल्याची कुठल्यातरी कोपऱ्यात चार ओळींत होती, आणि कोपऱ्यापर्यंत कुणी जात नसे. ड्रायव्हरला एका डोळ्यावर ट्रक मिळेना, तो वजनकाट्यावर बसायला लागला. मुलीनं बॉक्सिंग सोडलं. डावऱ्याला फरशीच्या कारखान्यात लादी उचलायचं काम मिळालं.

तिथं नव्यानं आलेल्या एका तरण्या कामगारानं एकदा जेवणाच्या सुट्टीत फोनवर ती बातमी वाचली. तो उठला आणि त्यानं डावऱ्याच्या कानशिलात हाणली. डबा उडाला. दुसरी मारायच्या आत डावऱ्यानं त्याला कवेत घेतलं, रिंगमध्ये थकलेला खेळाडू समोरच्याला धरतो तसं, दोन्ही दंड आवळून, डोकं खांद्यावर टेकवून. पोरानं लाथा झाडल्या, थुंकला, शेवटी डावऱ्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. मांसात दात रुतले. डावऱ्यानं सोडलं नाही. पोराचा दम संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "पूर्ण वाच. खाली आणखी एक बातमी आहे." आणि त्याला सोडून दिलं.

घरी बायकोनं जखम धुतली. दाताचे ठसे खोल होते.

"तुम्ही मारलंत त्याला?"

"नाही."

"का?"

डावऱ्यानं जरा विचार केला. "दात चांगले होते पोराचे," तो म्हणाला. बायकोनं औषधाचा बोळा जरा जोरातच दाबला, आणि तो कळवळला.