डोंबलाचे फायदे

फ्रेमवाल्याच्या मते जगात शहाणा माणूस एकच होता आणि तो रोज सकाळी या दुकानाचं शटर उघडायचा. बाकी सगळे गिऱ्हाईक. पदव्या, प्रशस्तिपत्रकं, सत्काराचे फोटो, लोकांना जे जे मिरवावंसं वाटे ते ते त्याच्या टेबलावरून जायचं आणि काच पुसता पुसता तो प्रत्येकावर नाक मुरडायचा. "डोंबलाचा डॉक्टर," पदवी पुठ्ठ्यावर बसवताना तो म्हणे. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत थांबण्याचं सौजन्यही त्याच्याकडे नव्हतं.

घरीही तोच तोरा. बायकोला "तुला काय कळतंय" आणि सोळा वर्षांच्या लेकीला "काय दिवे लावलेस". लेक चित्रं काढायची. एकदा होडीचं चित्र घेऊन ती भीतभीत दुकानात आली. "बाबा, याला फ्रेम कराल?" त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्र हातभर लांब धरलं. "चांगली पट्टी वाया कशाला घालवायची?" समोरची दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. लेक चित्र गुंडाळून निघून गेली आणि पुन्हा दुकानात फिरकली नाही.

थोड्याच दिवसांत शाळेत विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना आली. इथली एक मुलगी वर्षभर परदेशातल्या शाळेत, तिथली एक इथे, आणि दोघींनी एकमेकींच्या घरी राहायचं. लेकीनं सगळ्यांत आधी नाव दिलं. मुख्याध्यापिकेनं पालकांना बोलावून फायदे सांगितले: दृष्टी विशाल होते, आत्मविश्वास वाढतो, मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं. बाई इतक्या गोड बोलत होत्या की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. "डोंबलाचे फायदे," फ्रेमवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटला. "जिला इथे काही जमलं नाही, ती तिथे काय दिवे लावणार?" बायकोनं मात्र त्याला न विचारताच सही ठोकली.

लेक गेली, पाहुणी आली. उंचीला ताडमाड, चेहरा सदा हसरा, आणि आपल्या भाषेचा गंध नाही. घरात बायको मुकाट वावरणारी, तिच्याकडून शब्द मिळेना. मग शाळा सुटली की पाहुणी दुकानात स्टुलावर येऊन बसू लागली. तिथे शब्दांना तोटा नव्हता. ती ऐके, पुटपुटे, चष्मा कपाळावर सरकवण्याची त्याची लकबसुद्धा उचले. इतकं कान देऊन आजवर त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. स्वारी खूश.

"अहो, पोरीसमोर जरा नीट बोला," बायको एकदा म्हणाली. "सगळं उचलतेय ती."

"उचलू दे की. निदान एकीला तरी माझ्याकडून शिकावंसं वाटतंय."

लेकीचा फोन यायचा तो आईला. एकदा पडद्यावर तिथलं स्वयंपाकघर दिसलं. फ्रिजच्या दारावर लेकीचं नवं चित्र चिकटपट्टीनं लावलं होतं, तेही वाकडं. परक्या माणसांनी, कौतुकानं. फ्रेमवाला फणकारला, "चित्र असं लावतात होय?" पण त्या रात्री त्याला ते फार लागलं. सगळ्या गावाची थोबाडं त्याच्या चौकटीत होती आणि पोटच्या पोरीचं चित्र दुसऱ्याच्या फ्रिजवर. त्यानं तिच्या कपाटातून होडीचं चित्र शोधून काढलं आणि दुकानातली सगळ्यांत देखणी पट्टी कापली. बोलला मात्र कुणाशी नाही.

वर्ष संपत आलं तशी लेकीनं आईला सांगितलं, की ते लोक म्हणतायत, उरलेली शाळाही इथेच कर. पाहुणीच्या निरोपाचा कार्यक्रम झाला की लेक आपलं काय ते कळवणार होती. "येईल, जाते कुठे," फ्रेमवाला म्हणाला. कार्यक्रमाला जाताना मात्र कागदात गुंडाळलेली फ्रेम त्यानं बरोबर घेतली. आज लेकीला ती फोनवर दाखवायची आणि 'ये' म्हणायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

बायकोनं फोन उंच धरला. पलीकडून लेक पाहत होती. पाहुणी माइकपुढे आली, हात जोडले.

"मला इथे खूप आवडलं. ही डोंबलाची शाळा! या डोंबलाच्या बाई!" मुख्याध्यापिकेकडे वळून तिनं प्रेमानं मान लववली. "काय दिवे लावलेस!" मग बायकोकडे पाहून डोळ्यांत पाणी आणून, "माझी इथली आई. तुला काय कळतंय!" शेवटी तिनं नसलेला चष्मा कपाळावर सरकवला. "हे सगळं मला बाबांनी शिकवलं."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. कोणत्या मूर्खाला हसतायत म्हणून फ्रेमवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या माना त्याच्याकडेच वळल्या होत्या. ज्यांच्या पदव्यांना त्यानं नाकं मुरडली होती ते सगळे तिथे होते.

फोनमध्ये लेक हसत नव्हती. "आई, फोन बाबांना दे," ती म्हणाली. त्यानं घेतला.

"बाबा, वर्षभरात मी हा आवाज विसरत आले होते. आज पुन्हा ऐकला. मी इथेच राहते."

फ्रेम त्याच्या मांडीवर होती. कागद फाडायचा आणि समोर धरायची, इतकंच काम. त्यानं तोंड उघडलं. सोळा वर्षं जे बाहेर पडत आलं होतं तेच पडलं.

"राहा. तिथे तरी काय दिवे लावणार आहेस?"

पडदा काळा झाला. बायकोनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली.

टाळ्या घेत पाहुणी खाली आली ती थेट त्याच्यापाशी. मांडीवरचं पुडकं आपल्यासाठीच आहे असं वाटून तिनं कागद उलगडला. सोनेरी पट्टीतली ती होडी ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काय डोंबलाचं चित्र आहे!"

तिला ते मनापासून आवडलं होतं. त्यासाठी दुसरा शब्द त्यानं तिला शिकवलाच नव्हता.