पाणकराच्या घरचं 'पाहू'

परसरामभाऊंना लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस उठताना हमखास विचारतो, "भाऊ, याल ना?" भाऊ मान हलली न हलली अशी हलवतात आणि म्हणतात, "पाहू." मग लग्नाच्या दिवशी मांडवात सगळ्यांच्या आधी हजर! नवेगाव बांधकडच्या त्यांच्या लहानशा गावात आता यावर थट्टा चालते. परसरामभाऊंचं 'पाहू' म्हणजे पक्कं, असं लोक हसून एकमेकांना सांगतात. भाऊंनाही ते ऐकून मनातून बरं वाटायचं, आपलं न दिलेलं वचनसुद्धा लोक खरं धरतात म्हणून.

हे 'पाहू' त्यांचं स्वतःचं नव्हतं. शेताबरोबर वडिलांकडून आलेलं होतं. घर कोहळी समाजातलं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं, आणि वडील चैतराम हे गावच्या तलावाचे पाणकर. पावसानं दडी मारली की तलावाचं दार उघडायचं त्यांनी, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी पाणी जाईल, कोणाच्या नंतर, हे ठरवायचंही त्यांनीच. खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेकडेनं चालणारे बाबा, बोटांत शिरणारा थंडगार चिखल, निसवत्या धानाचा तो दुधाळ वास... भाऊ आता सत्तरीला टेकले, तरी डोळे मिटले की तो वास येतो. कुठे गेलं ते सगळं, असं ते कधीकधी मोठ्यानंच विचारतात.

एका वर्षी शेवटच्या बांधीवाल्या शकुंतलाबाई अंगणात आल्या होत्या. "भाऊजी, माझं धान निसवून रायलं. पानी कधी?" चैतराम म्हणाले, "परवा देईन." आणि त्याच रात्री तलावाची पाळ फुटली. पाणी नाल्यानं वाहून गेलं, पाट कोरडा पडला. तिसऱ्या दिवशी शकुंतलाबाई बांधीचं तोंड उघडून सकाळपासून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. गावात बोंब झालेली, त्यांनाही कळलेलं. पण पाणकरानं शब्द दिला होता ना! दिवस मावळला तेव्हा त्या घरी गेल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं, असं भाऊंना अजून वाटतं. त्यानंतर चैतरामांच्या तोंडून 'देईन' कधी निघालं नाही, 'येईन' नाही, 'करीन'ही नाही. कोणी आपल्या शब्दावर ताटकळत उभं राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. घरात मग सगळ्याच प्रश्नांना 'पाहू' हे एकच उत्तर उरलं.

अशा घरात वाढलेल्या भाऊंनी म्हातारपणी स्पॅनिश शिकायला घ्यावं, आणि त्यातही गाडं भविष्यकाळावर येऊन अडावं! पण अडलं खरं.

झालं असं, की भाऊंची एकुलती एक मुलगी पुष्पांजली शिकायला म्हणून स्पेनला गेली ती तिथेच रमली. वालेन्सिया नावाच्या शहरात तिनं संसार थाटला. तिथेही शहराबाहेर मोठा तलाव आहे आणि तलावाच्या काठी धान. तिनं पहिल्यांदा त्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा भाऊंनी एवढंच विचारलं होतं, "तिथला पाणकर कोन आहे?" पुढे नात झाली, लुसीया. ती बोलायला लागली तशी पंचाईत झाली. तिला मराठी येईना, यांना स्पॅनिश. दर रविवारी संध्याकाळी फोनवर ती "ओला, आबुएलो" म्हणायची, म्हणजे आजोबा, नमस्कार. मग भाऊ तिला वासरू दाखवायचे, ती त्यांना पडलेला दात दाखवायची, आणि बोलणं संपायचं. नात समोर असून मुक्यासारखं बसायचं, याचा भाऊंना राग येऊ लागला. एके दिवशी ते पुष्पाला म्हणाले, "मले शिकव."

वर्तमानकाळ त्यांनी बघताबघता उरकला. धानाच्या कोठीच्या दारावर खडूनं रूपं लिहून ठेवायची आणि जातायेता घोकायची, अशी त्यांची रीत. सुभद्राबाई, म्हणजे त्यांची बायको, कोठी उघडताना नेमकं काहीतरी पुसून टाकायच्या आणि त्यावरून रोज जुंपायची.

भविष्यकाळाच्या पहिल्या दिवशी पुष्पा म्हणाली, "बाबा, हे तर सगळ्यात सोपं. क्रियापद तोडायचं नाही, आख्खं ठेवायचं आणि मागे शेपूट लावायचं. कोमेर म्हणजे खाणे. कोमेरे, मी खाईन. कोमेरास, तू खाशील. कोमेरा, तो खाईल. आणि शेवट ठासून म्हणायचा."

"कोमेरे," भाऊ पुटपुटले.

"जोर कमी पडून रायला, बाबा."

पुढच्या रविवारपर्यंत कोठीचं दार भरून गेलं. म्हैस दूध देईल. पाऊस येईल. सुभद्रा रागावेल. हे शेवटचं वाक्य भाऊंनी अर्थासकट वाचून दाखवलं, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "रागावेल कायले? रागावूनच रायली मी." पुष्पा खूप हसली. मग तिच्या लक्षात आलं, की वाक्यांत म्हैस आहे, पाऊस आहे, आई आहे, पण 'मी' कुठेच नाही.

"बाबा, 'मी उद्या तलावावर जाईन' म्हणा बरं."

"उद्याचं कोनाले माहीत? दुसरं दे."

त्यांना आवडला तो याच भविष्यकाळाचा दुसरा उपयोग. आपल्या 'असेल'सारखंच त्या भाषेतही हे रूप अंदाजाला चालतं. लुसीया आत्ता कुठे असेल? शाळेत असेल. यात कोणी कोणाला बांधलेलं नाही. भाऊ खूश झाले. मग त्यांना आठवलं, की पुष्पा गेल्यापासून या घरात दोघं नवराबायको दुसरं बोलतात तरी काय? सकाळी अंगण झाडताना, "पुष्पा आता झोपली असेल." दुपारी ताटावर बसताना, "आता उठली असेल, चहा घेत असेल." पूर्वी याच ताटांशेजारी तिसरं ताट असायचं आणि भाजीवरून भांडण असायचं. त्या रात्री भाऊंना ते भांडण फार आठवलं.

आणि मग तो रविवार आला. लुसीयानं आईच्या हातून फोन ओढून घेतला आणि विचारलं, "आबुएलो, बेंद्रास?"

भाऊंना कळलं! कोणी समजावून न सांगता नातीचं बोलणं पहिल्यांदा सरळ त्यांच्या कानात उतरलं. येणे या क्रियापदाचं हे रूप थोडं वाकडं, म्हणूनच ध्यानात राहिलेलं. यातलं 'मी येईन' म्हणजे बेंद्रे. हे तर आपल्या जुन्या तलाठ्याचं आडनाव, असं म्हणून आदल्या आठवड्यात ते स्वतःशीच हसले होते. नात विचारत होती, आजोबा, तू येशील? आनंदानं त्यांचा ऊर भरून आला, आणि त्या आनंदातच त्यांनी उत्तर दिलं, "बेरेमोस."

म्हणजे, पाहू.

लुसीयाचा चेहरा पडला. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि निघून गेली. बराच वेळ भाऊंना नुसतं छत दिसत राहिलं. मग पुष्पा आली.

"भाषेत काही चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तिला हा शब्द चांगला ठाऊक आहे. मीच म्हणते तिला सारखी. निघून जाते तोंडातून. बाबा, मी गोंदियाला होस्टेलवर होती, आठवते?"

न आठवायला काय झालं? दर रविवारी भाऊ डबा घेऊन गोंदियाला जायचे. सुभद्राबाईंच्या हातचा भात, तलावातल्या मासोळीचा रस्सा. फाटकापाशी पुष्पा दिसायची आणि बसच्या प्रवासाचा सगळा शीण उतरायचा. त्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात गोड दिवस.

"निघताना मी विचारायची, पुढच्या रविवारी याल? तुम्ही म्हणायचे, पाहू. मग रविवारी मी मेसचं जेवण सोडून फाटकावर उभी राहायची. जेवली आणि तुम्ही डबा घेऊन आले तर तुम्हाले वाईट वाटेल म्हणून. आणि नाहीच आले तर, म्हणून रडू यायचं. दर रविवारी, बाबा."

"पण मी आलो नाही असं एकदा तरी झालं का?"

"नाही ना. म्हणून तर कधी बोलली नाही."

फोन ठेवल्यावर भाऊ तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. ज्या दिवसांच्या आठवणीवर आपण म्हातारपण काढतोय, त्या दिवसांत पोर उपाशी उभी होती! धुऱ्यावर उभ्या शकुंतलाबाई त्यांना दिसत होत्या आणि फाटकावरची पुष्पाही. कोणी ताटकळू नये म्हणून बाबांनी शब्द द्यायचा सोडला, आणि तोच न दिलेला शब्द माझ्या पोरीला ताटकळत ठेवत राहिला. बाबांना हे सांगायला हवं होतं, असं वाटून त्यांना तिथेच रडू आलं.

त्या आठवड्यात कोठीच्या दारावरची म्हैस पुसली गेली, पाऊस पुसला गेला. सुभद्राबाईंनी नाही, भाऊंनी स्वतः पुसलं. गोठ्यातून दिवसभर एकच शब्द ऐकू येत होता, आणि शेवटावर असा काही जोर, की वासरू दचकून मान वर करायचं.

रविवारी फोन लागताच भाऊ म्हणाले, "लुसीयाले बोलव." ती फुरंगटून आली. भाऊंनी घसा खाकरला आणि ठासून म्हटलं, "बेंद्रे."

लुसीया आईकडे पाहू लागली. पुष्पा म्हणाली, "बाबा, इकडे यायला निघणारा माणूस 'इरे' म्हणतो. म्हणजे जाईन."

"घरून निघताना कोनी जाईन म्हनते का? मी येईनच म्हनीन." मग त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. "पुष्पा, धान कापून झालं की मी आन् तुई आई, आम्ही येऊ."

"पाहू नाही?"

"नाही. येऊ."

तिकडे लुसीयाला मराठी कळलं नव्हतं, पण आईचा चेहरा कळला असावा, कारण ती टेबलाभोवती नाचत सुटली. पुष्पा डोळे पुसत म्हणाली, "मी विमानतळावर उभी राहीन, बाबा."

"उभी कायले राहतं? घरी थांब. आम्ही पोचून जाऊ."

"आन् रस्ता कोन दाखवन?" मागून सुभद्राबाई म्हणाल्या.

भाऊ म्हणाले, "बरं, उभी राय. पन आधी जेवून घेजो."