बोडीच्या पाळीवरची जोडवी

“मनचं होतं म्हणून सांग. दोन ओळी लिहून दे फक्त, का हे कल्पनेचं होतं म्हणून,” ताराचंद तिसऱ्यांदा म्हणाला आणि दिवाळी अंक त्याने पुन्हा बायकोपुढे, चंद्रकलेपुढे सरकवला. ती तांदूळ निवडत होती. सुपातून तिने मान वर केली नाही.

“लिहाची खाज होती तर देवाचं लिहाचं,” जनाबाई म्हणाली. जनाबाई ताराचंदची मोठी बहीण. भाच्यासाठी, कुलदीपसाठी, साकोलीकडची मुलगी तिनेच पाहून ठेवली होती, आणि मुलीकडची माणसं परवा इथे सानगडीला घर पाहायला येणार होती. “अन् लिहून लिहून काय, तर तीन ओळी. एवढ्यासाठी घर जाळलं.”

कुलदीप दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल चाळत होता. हर्षाचा नवरा तो. हर्षा शेतातल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बुडून गेली त्याला साडेचार महिने झाले होते.

भांडण पेटलं ते सकाळच्या फोनवरून. आंबागडहून सेवकरामचा, म्हणजे हर्षाच्या बापाचा, फोन आला. हर्षाची धाकटी बहीण टीना तुमसरला कॉलेजात जाते, तिच्या हाती तो अंक पडला होता. सेवकरामने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. इतकंच विचारलं, “भाऊ, तुमच्या बाईनं लिहिलेली जोडवी कोनाची?” आणि फोन ठेवून दिला.

अंकाच्या चौसष्टाव्या पानावर, खाली कोपऱ्यात, चंद्रकलेच्या नावाने ते छापलं होतं:

रोवणी झाली
बोडीच्या पाळीवर
जोडवी दोन

गावातल्या बायकांना ते केव्हाच पाठ झालं होतं. तीनच तर ओळी. गिरणीवर दळण टाकताना एकीने पुटपुटल्या आणि दुसरीने चंद्रकलेकडे पाहून पदर तोंडाला लावला. लग्न झालेली बाई जोडवी काढत नाही. चिखल धुताना नाही, आणि पाय घसरून बोडीत पडणारी तर नाहीच नाही. हे कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

चंद्रकला सातवीपर्यंत शिकलेली. पाच वर्षांपूर्वी वाचनालयात टिकाराम गुरुजींनी शनिवारी बायकांचा वर्ग सुरू केला, तिथे ती हायकू शिकली. पाच, सात, पाच अक्षरं. ऋतू पाहिजे. गुरुजी म्हणायचे, रडू नका, उपदेश करू नका, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच ठेवा. घरातल्यांना ते तिचं खूळ वाटायचं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचून आल्यावर तिने लिहिलं होतं, ‘मोह गळतो, टोपलीत पहाट अर्धीच भरे’, तेव्हा ताराचंदने ते चार जणांना हसत हसत ऐकवलंही होतं. आणि हर्षा, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, कूस न उजवलेली हर्षा, भाकरी थापता थापता बोटांवर अक्षरं मोजून द्यायची. एखादं कमी पडलं की म्हणायची, “आई, एक ओळ लंगडी हाये.”

धानाच्या रोवणीच्या शेवटच्या दिवशी बायका एकमेकींना चिखल फासतात. मालकिणीलाही सोडत नाहीत. त्या दिवशी हर्षा हसली. घरात कधी हसली नसेल एवढं हसली, कपाळापासून पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली. कुलदीप बांधावरून आला आणि वीस-पंचवीस बायकांदेखत त्याने तिच्या कानाखाली मारली. वांझेला कशाचं हसू येते, असं म्हणाला. सगळ्यांनी चंद्रकलेकडे पाहिलं, कारण सासू तीच होती.

आणि चंद्रकला म्हणाली, “जाय, तोंड धुऊन ये. तमाशा नको.”

हर्षा बोडीकडे गेली.

तासाभराने पाहायला चंद्रकलाच गेली. पाळीवर, बोडीच्या काठावर, जोडवी होती, स्वच्छ धुतलेली, एकाला एक लावून ठेवलेली. माणसं धावत येऊन हर्षाला बाहेर काढेपर्यंत जोडवी चंद्रकलेच्या कमरेला खोचलेली होती. पोलिसांपुढे ताराचंद म्हणाला पाय घसरला, कुलदीप म्हणाला पाय घसरला. मग जबाबाचा कागद चंद्रकलेपुढे आला. तिने वळणदार अक्षरात सही केली. जोडवी लाखोरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी गेली. दर चार दिवसांनी डाळ काढताना बोटांना लागायची.

“सांगून राहिलो मी तुले,” ताराचंदचा आवाज आता खाली आला होता. “पोराची जिंदगी हाये. कवितेत लोक काहीबाही लिहितात. कोन खरं मानते?”

“कवितेत चालते,” चंद्रकला म्हणाली. “ह्याच्यात नाही चालत. ह्याच्यात पाहिलेलंच लिहा लागते.”

“मंग लिहिलंच काहून?” कुलदीप एकदम बोलला. मोबाइल त्याने खिशात घातला. “तुनंच तर धाडलं होतं तिले धुवाले. मी नाही धाडलं.”

जनाबाईने त्याला गप्प बस म्हटलं. चंद्रकलेने सूप खाली ठेवलं. एवढ्या महिन्यांत या घरात खरं असं पहिल्यांदाच कोणी बोललं होतं, आणि ते पोराने बोलावं याचं तिला नवल वाटलं.

“हो,” ती म्हणाली. “मीच धाडलं.”

ती उठली. फळीवरचा डबा काढून तिने डाळ परातीत ओतली. जोडवी वर आली, डाळीच्या भुकटीने पिवळसर झालेली. तिने ती पदराला पुसली, रुमालात बांधली आणि गाठ दातांनी ओढली. ताराचंद अर्धवट उठला, पण बहिणीकडे पाहून पुन्हा बसला.

“उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी आंबागडले जातो,” चंद्रकला म्हणाली. “हे तिच्या बापाच्या हातात देतो. तिथून त्याले घेऊन ठाण्यात जातो. त्या कागदावरची सही माही हाये, पन कागद खोटा होता म्हणून सांगतो. परवाच्या पाहुण्यांले येऊ नका म्हणून कळवा.”