चित्रकाराचा निळा अंगठा

आज देशभरातील तरुण चित्रकार ज्यांच्यासारखी चित्रे काढू पाहतात, ते आमचे मित्र या औरंगाबादेतील सर्वांत गैरसोयीचे गृहस्थ होते, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचे राज्य जाऊन कारभार उर्दूतून मराठीत आला, तेव्हा कचेरीच्या पाट्या रंगवण्याचे काम त्यांना मिळाले. कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली मी लोकांचे अर्ज लिहून देत बसे. पाट्या संपल्या, तरी तिथे माझ्याशेजारी बसून ते माझ्याकडे अर्ज लिहून घेणाऱ्यांची चित्रे काढू लागले. दौलताबादच्या एका पाटलांना त्यांनी तीन डोळे दिले. पाटील खवळले, “मला काय महादेव समजला व्हय रं?” हे शांतपणे म्हणाले, “शेजाऱ्याच्या बांधाकडं लई बघता, पाटील. दोन डोळं पुरत नव्हतं.” बांधाचाच दावा घेऊन आलेले पाटील ते चित्र मागून घेऊन गेले.

चित्राखाली ते नावाची सही करीत नसत. निळ्या रंगात डावा अंगठा बुडवून उमटवीत. “नाव लिहिलं की लोक नावच वाचतात, मुन्शीजी. चित्र बघत नायत.”

पुढे सरकारी शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली. ती मिळाली तर ते इथेच राहणार होते, नाही तर मुंबईला जाणार होते. ते राहावेत म्हणून मी असा अर्ज लिहिला की खुद्द सुभेदारानेही उभे राहून वाचावा. त्यांनी खाली अंगठा उमटवला आणि वीस वर्षांच्या सवयीने माझा हात चालला. निरक्षर अर्जदाराच्या अंगठ्याशेजारी लिहितात तसे मी वळणदार अक्षरात लिहिले, ‘निशाणी डावा अंगठा’. आठवड्याने शेरा आला : अर्जदारास लिहितावाचता येत नाही, सबब शिक्षक म्हणून अपात्र.

शेरा ऐकून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी म्हणालो, “उस्ताद, दुरुस्तीचा अर्ज तयार आहे. फक्त नाव लिहा.”

“नाय लिहिणार.”

“मग जागा हातची जाईल!”

“जाऊ द्या की. सफरचंद आन् सुरई काढायला शिकवून पोरांचे हात बिघडवायचे कशाला?”

नंतरच्या सोमवारी मी त्यांना गाडीवर पोहोचवायला गेलो. माफी मागण्याचा मजकूर मी मनात चांगला बांधून नेला होता, पण गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालता चालता एवढेच निघाले, “चूक माझीच होती, उस्ताद.”

“व्हय,” ते म्हणाले, “पन अक्षर लई देखणं होतं.”