शोकाकुलांतलं पहिलं नाव

छत्तीसगडात चरोद्यापासून दुर्गपर्यंत नात्याच्या हक्कासाठी आमच्या मामांइतकी पायपीट कुणी केली नसेल. हे माझ्या आईचे मावसभाऊ. एकटा जीव, रेल्वे यार्डातून निवृत्त. नोकरीत जन्मभर डबे जोडले, नंतर नातेवाईक जोडत सुटले. आमच्याकडे आले की चहा उभ्यानेच घेत, निम्मा शर्टावर सांडत, "बसतो कायले, मले लय कामं हायेत" म्हणून फाटकापर्यंत जात आणि मुख्य गोष्ट राहिली म्हणून परत येत. मुख्य गोष्ट म्हणजे बहुधा एखादं कार्ड. गोतावळ्यात लग्न असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, कार्डाखालच्या यादीत आपलं नाव छापलं जाणं हा मामा स्वतःचा कायदेशीर हक्क समजत. नाव असलेली कार्डं एका फायलीत, नसलेली दुसऱ्या. हुडको कॉलनीतल्या एका मावसभावाच्या पोराच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, कार्डावर नाव राहिलं, तर मामांनी तिथं जाऊन उरलेल्या प्रत्येक कार्डावर पेनाने ते लिहिलं आणि वर पोराला आहेरही करून आले.

अशात दुर्गच्या मोहन नगरातल्या सिस्टर आत्या वारल्या. मामांच्या वडिलांची ही चुलत बहीण, निवृत्त नर्स, लग्न न केलेली. जवळचं कुणी नव्हतं, दूरचे म्हणावेत तर एकटे मामा. पण आत्यांनी मृत्युपत्र करून घर शेजारच्या दुलारीबाईला दिलं. ती ना नात्याची ना गोत्याची, पण शेवटची कितीतरी वर्षं आत्यांचं जेवणखाण, न्हाणंधुणं तिनेच केलं होतं. मामा पेटले. "रक्ताचा माणूस जिता हाय ना! मले विचारलं कावून नाई?" वकिलाने सरळ सांगितलं, मृत्युपत्र खरं असेल तर दूरच्या नातेवाइकाला काही नाही, खोटं ठरलं तर घर तुमचं. कोर्टात एवढंच म्हणा, की ही सही आत्यांची नाही.

मामांच्या फायलीत आत्यांची चार पत्रं होती. सही त्यांना स्वतःच्या सहीइतकी ठाऊक होती, आणि मृत्युपत्रावरची तीच होती. त्यानंतर ते दिवसातून दोनदा यायला लागले. "म्हणून टाकू का रे?" विचारायचे आणि उत्तर न ऐकता चालू पडायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "मामा, काय ते ठरवा, आमची फरशी झिजून राहिली." खरं सांगतो, त्यांनी ते म्हणावं असं मलाही वाटत होतं. ते राहत ती भाड्याची खोली पावसाळ्यात चार ठिकाणी गळायची.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी मामा आमच्याकडे असतानाच दुलारीबाई त्यांना शोधत आली. आत्यांच्या प्रथम स्मृतिदिनाचं कार्ड तिने त्यांच्या हातात दिलं, बाकीचा गठ्ठा पिशवीत होता. मामांनी सवयीने आधी खालचं वाचलं. शोकाकुल म्हणून पहिलं नाव त्यांचं. दुसरं नावच नाही.

"तुमचं नाव कुठी हाय?"

"सगा तो तुमन हव, भैया," ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, म्हणजे नात्याचे तर तुम्हीच. "मोर नाव कइसे आही?"

मामा खुर्चीत बसले. आमच्या घरात मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईने दिलेला चहा त्यांनी एक थेंब न सांडता संपवला, मग दुलारीबाईच्या पिशवीतला गठ्ठा मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि एकेका कार्डावर आपल्या नावाच्या वर तिचं नाव लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी कोर्टात म्हणाले, "सही आत्याचीच हाय, साहेब. माही हरकत नाई."

गेल्या वर्षी मामा त्याच गळक्या खोलीत वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड छापायचं काम माझ्याकडे आलं. शोकाकुल म्हणून मी पहिलं नाव दुलारीबाईचं घातलं. लगेच नागपूरहून कुणा दूरच्या नातेवाइकाचा फोन आला, "हे दुलारीबाई कोण? आमचं नाव कावून नाई?" मला हसू आलं. मामा असते तर त्याचंही नाव लिहायला पेन घेऊन निघाले असते, चहासुद्धा न घेता.